शंभरी भरण्याआधीच

दिब्रुगडच्या मोहनबारी विमानतळावर उतरणारे मराठी पर्यटक आता कमी नाहीत. ब्रह्मपुत्रेवरचा जवळजवळ पाच किलोमीटर लांबीचा बोगीबील पूल २०१८ च्या डिसेंबरात खुला झाला, अरुणाचलात शिरणे सोपे झाले, आणि पासीघाट, मेचुका ही नावे पुण्या-मुंबईतल्या सहलींच्या जाहिरातींत दिसू लागली. पण मोहनबारी हा एके काळी कशाचा तळ होता आणि समोरच्या डोंगरांतल्या जंगलात काय पडून आहे, हे या पाहुण्यांना सहसा कुणी सांगत नाही. त्या डोंगरांत दुसऱ्या महायुद्धातली विमाने पडून आहेत. त्यांतल्या काहींत त्यांचे वैमानिकही अजून आहेत. या ठेव्याला पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण नाही, आणि ते मिळेपर्यंत संरक्षण देण्याजोगे फारसे काही उरणार नाही, अशी आजची स्थिती आहे.

२९ एप्रिल १९४२ रोजी जपानी फौजांनी ब्रह्मदेशातले लाशियो घेतले आणि चीनला रसद पोहोचवणारा एकमेव रस्ता तुटला. उरली ती हवेतली वाट. आसामातल्या दिंजान, चबुआ, मोहनबारी, सुकेरटिंग, जोरहाट, तेजपूर अशा तळांवरून पेट्रोल, दारूगोळा, औषधे, वाहनांचे सुटे भाग घेऊन प्रामुख्याने अमेरिकी विमाने उडत आणि हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून सुमारे ८०० किलोमीटरवरच्या कुनमिंगला उतरत. वैमानिक या मार्गाला ‘हंप’, म्हणजे वशिंड, म्हणत. नकाशे अपुरे होते, वाटेत हवामान केंद्रे जवळपास नव्हती, वाऱ्याचा वेग कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जाई आणि पंखांवर बर्फ साचे. तरीही साडेतीन वर्षांत साडेसहा लाख टनांच्या आसपास माल पलीकडे गेला. एकट्या जुलै १९४५ मध्ये ७० हजार टनांहून अधिक. पुढे १९४८ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली, तेव्हा विमानांनी त्या शहराला जगवण्याची जबाबदारी जनरल विल्यम टनर यांच्यावर सोपवली गेली. टनर यांनी १९४४ पासून हंपची सूत्रे सांभाळली होती. जगातल्या आधुनिक हवाई मालवाहतुकीचे शिक्षण झाले ते आसामच्या चहामळ्यांच्या कडेला.

त्याची किंमत सुमारे ६०० विमाने आणि दीड हजारांहून अधिक माणसे. वैमानिकांनीच या मार्गाला दुसरे नाव दिले होते, ‘ॲल्युमिनियमची वाट’, कारण स्वच्छ हवेत खाली पडलेल्या विमानांच्या चकाकणाऱ्या पत्र्यांवरून रस्ता ओळखता येई.

ही अमेरिकेची गोष्ट आहे, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल तर त्याने या धावपट्ट्यांखालची खडी पाहावी. ती फोडली आणि पसरली आसाम-बंगालमधल्या मजुरांनी. त्यांत चहामळ्यांतले कामगार होते, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका होत्या. त्यांची नावे कोणत्याही स्मारकावर नाहीत. २ ऑगस्ट १९४३ रोजी एरिक सेव्हराइड या अमेरिकी पत्रकाराला घेऊन निघालेल्या विमानाचे इंजिन बंद पडले आणि आतल्या वीसेक जणांना नागा टेकड्यांवर पॅराशूटने उड्या घ्याव्या लागल्या. त्यांना आसरा दिला तो तिथल्या नागा गावकऱ्यांनी. या गावकऱ्यांच्या बाजूने ही हकीकत आजवर कुणी नीट लिहिलेली नाही. चिनी युद्धाशी महाराष्ट्राचे नाते तर सोलापूरपर्यंत पोहोचते. चिनी सैनिकांवर उपचार करायला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये निधन पावले, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ही उड्डाणे सुरू झाली होती. कोटणीस कम्युनिस्टांच्या फौजेत होते, विमानांतला माल जात होता तो च्यांग कै-शेक यांच्या सरकारकडे. युद्ध मात्र एकच होते. कोटणीसांचे स्मारक आपण जपले. त्याच युद्धातल्या आपल्याच भूमीवरच्या खुणांबद्दल मात्र आपण बेफिकीर आहोत.

निसर्गाने या विमानांवर दया केलेली नाही. अरुणाचलातल्या सियांग नदीच्या खोऱ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात हे सगळे डोंगर खचले, दरडींनी नद्या अडवल्या. जे त्यातून वाचले त्याला गंज आणि वेली लागल्या. माणसाचा हात त्यानंतर लागला. डोंगरातल्या गावांना आयता मिळालेला पत्रा म्हणजे संपत्तीच होती. त्याची भांडी झाली, उरलेला विकला गेला. यात गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या वस्तूला सरकारने कधी मोल दिले नाही, तिचे मोल त्यांनी आपल्या गरजेनुसार लावले. आता मात्र धोका मोठा आहे. बोमडिलापासून विजयनगरपर्यंत सीमेलगत जाणारा महामार्ग आखला गेला आहे, सियांगवर प्रचंड धरणाचा प्रस्ताव आहे. पूर्वी जे अवशेष पायी आठवडाभराच्या अंतरावर होते, तिथे उद्या ट्रक पोहोचतील. पाठीवरून नेला जातो तो पत्र्याचा तुकडा, ट्रकमधून नेले जाते ते अख्खे इंजिन.

आणि कायदा? प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी असे म्हणतो. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदाही साधारणपणे शंभर वर्षांचीच अट घालतो. हंपवर पडलेले पहिले विमान या अटीत २०४२ मध्ये बसेल, शेवटचे २०४५ मध्ये. देवळे, लेणी, ताम्रपट यांच्यासाठी ही अट ठीक होती. दगड शंभर वर्षे वाट पाहू शकतो. भरपावसाच्या जंगलात पडलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा वाट पाहू शकत नाही, आणि भंगाराचा बाजार तर मुळीच पाहत नाही. विसाव्या शतकातल्या कोणत्याही यंत्राला, मग ते विमान असो की गिरणीतला माग, ही अट जवळजवळ मृत्युदंडासारखी आहे.

ब्रिटनने हा प्रश्न १९८६ मध्येच सोडवला. तिथल्या लष्करी अवशेषांच्या संरक्षण कायद्यानुसार लष्करी सेवेत असताना कोसळलेले कोणतेही विमान आपोआप संरक्षित ठरते. ते किती जुने आहे, कुणाच्या शेतात आहे, आत कुणाचे अवशेष आहेत की नाहीत, हे पाहिले जात नाही. परवान्याशिवाय कुणी तिथे कुदळ मारू शकत नाही. आपल्याकडे असा कायदा करायला कोणती तांत्रिक अडचण आहे, ते आम्हाला तरी दिसत नाही.

या अवशेषांत माणसे आहेत, म्हणून हा नुसता वारशाचा प्रश्न राहत नाही. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून चबुआकडे परतणारे ‘हॉट ॲज हेल’ नावाचे बी-२४ विमान आठ जणांसह बेपत्ता झाले. क्लेटन कूल्स या अमेरिकी गिर्यारोहकाने २००६ मध्ये ते अप्पर सियांगमधल्या दामरोह गावाजवळच्या डोंगरात शोधले, अर्थात स्थानिक लोकांच्या मदतीने. त्यानंतर सीमेच्या राजकारणामुळे अवशेष काढण्याचे काम काही वर्षे थांबले. अखेर एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत मानवी अवशेष अमेरिकेच्या ताब्यात देण्यात आले. ईशान्य भारतात अमेरिकेचे सुमारे ४०० सैनिक अजून बेपत्ता आहेत, असा त्या देशाचा अंदाज आहे. अवशेष कुणाचे आहेत हे ठरवताना इंजिनावरचा क्रमांकसुद्धा पुरावा असतो. पत्रा उचलून नेणारा, किंवा आठवण म्हणून एखादी पट्टी खिशात टाकणारा पर्यटक, त्या पुराव्यातला एक दुवा तोडतो. आपल्या आजोबांचे काय झाले हे अजून न कळलेली घरे दूरच्या देशात आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी तो हात थांबावा.

चांगले काही घडलेच नाही, असे नाही. पासीघाटमध्ये २९ नोव्हेंबर २०२३ रोजी हंपच्या स्मृतींचे संग्रहालय उघडले. मुख्यमंत्री पेमा खांडू आणि अमेरिकेचे तत्कालीन राजदूत एरिक गार्सेटी उद्घाटनाला होते. डोंगरातून आणलेले विमानांचे भाग आणि सैनिकांच्या वापरातल्या वस्तू तिथे पाहायला मिळतात. अरुणाचलात जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावे, त्यासाठी एक दिवस जास्त लागला तरी चालेल. मात्र संग्रहालयात येते ते उचलून आणण्याजोगे. विमान जिथे आदळले ती जागा, त्याची दिशा, आजूबाजूला विखुरलेले भाग यांतून अपघाताची गोष्ट वाचता येते, आणि ती जागा काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायला नको. गडावरचे चिरे उतरवून घरे बांधली गेली, तोफा बेवारस पडल्या, आणि गडप्रेमींनी रविवारी घाम गाळून टाकी उपसली, तटबंदीवरची झाडे काढली, सरकारच्या मागे तगादा लावला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यामागे या अनाम हातांची अनेक वर्षे आहेत. असा जनरेटा अरुणाचलातल्या विमानांच्या वाट्याला अजून आलेला नाही. तिथली वस्ती विरळ, वाटा अवघड, दिल्ली दूर. म्हणून बाहेरच्या आवाजाची गरज आहे, आणि गडकोटांसाठी झगडलेल्या समाजाचा आवाज त्यात असलाच पाहिजे. इथल्या खासदारांनी संसदेत शंभर वर्षांच्या अटीवर प्रश्न विचारावा. युद्धकालीन अवशेषांना ही अट लागू नसावी, अशी दुरुस्ती मागावी.

केंद्र हलेपर्यंत अरुणाचल सरकारने थांबू नये. सापडलेल्या प्रत्येक विमानाची नोंद, छायाचित्रे आणि मोजमापे तातडीने व्हावीत, पण अचूक ठिकाण जाहीर करू नये, नाहीतर नोंदवहीच भंगारवाल्याचा नकाशा होईल. राखणदारी गावांकडे द्यावी आणि तिचा मोबदला द्यावा. पत्रा विकून एकदा जे मिळते त्यापेक्षा वाटाड्या म्हणून दरवर्षी जास्त मिळते, हे गावाला दिसले पाहिजे. दहाव्या वर्षी विमान कोसळताना पाहिलेली मुले आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. आदी, मिश्मी, नागा भाषांतल्या त्यांच्या आठवणी त्यांच्याच भाषांत ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात. पावसाळा ओसरला की या गावांच्या वाटा उघडतात आणि मार्चपर्यंत उघड्या राहतात. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी पुढच्या अर्थसंकल्पाची वाट न पाहता याच हिवाळ्यात तिथे पोहोचावे.