जुना संगणक भंगारांत देण्यापूर्वीं

मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० या प्रणालीची नेहमींची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. तेव्हांपासून भाईंदर व उत्तन येथील कांहीं पालक मला विचारतात, "सर, संगणक चालतो आहे, पण दुकानदार म्हणतो तो टाकाऊ झाला. नवा घ्यावा काय?" विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. ती नसलेलें यंत्र धडधाकट असूनहि अपात्र ठरतें. परंतु भाडेकरू गेला म्हणून कोणी घर पाडीत नाहीं. त्याच यंत्रांत लिनक्सची एखादी मुक्त प्रणाली सुखानें नांदूं शकते. आपल्या देशांत सी-डॅक या संस्थेनें 'बॉस' नांवाची अशी प्रणाली तयार केली असून तींत मराठीचीहि सोय आहे.

ही नवी प्रणाली यंत्रांत नेणारा पेनड्राइव्ह प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतः करतां आला पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे. केवळ फाइल त्यावर उतरवून भागत नाहीं. संगणक सुरू होतांच त्यांतील फर्मवेअर ठराविक जागीं ठराविक आरंभ-फाइल शोधतें. आयएसओ फाइल जशीच्या तशी ठेविली, तर तें बंद पेटी दारांतून पाहून परत फिरल्यासारखें होतें. पेटी उघडून आंतील सामान जागच्या जागीं मांडण्याचें काम रूफस किंवा एचर हीं साधनें करतात. बहुधा ८ गिगाबाइटांचा पेनड्राइव्ह पुरतो. फाइल मूळ स्थळावरूनच घ्यावी व तेथें दिलेली एसएचए-२५६ ही खूण ताडून पाहावी. हा कंटाळा मुलें फार करतात!

पेनड्राइव्ह तयार होतांना त्यावरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें, हें मी अनुभवानें सांगतों. एकदां मीं दोन पेनड्राइव्ह एकाच वेळीं जोडले आणि घाईनें यादींतील भलतेंच नांव निवडलें. नववीच्या प्रश्नपत्रिका गेल्या. त्या सहकाऱ्याकडे मिळाल्या. पण माझ्या वडिलांच्या आवाजांतील सायंप्रार्थनेचें ध्वनिमुद्रणहि त्यांतच होतें. त्याची दुसरी प्रत मीं केली नव्हती.

"पोर संगणक बिघडवील" ही पालकांची भीति मात्र अनाठायीं आहे. पुष्कळ लिनक्स प्रणाली प्रथम पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येतात. 'स्थापना' हें बटण दाबीपर्यंत मूळ डिस्क सहसा जशीच्या तशी राहते. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हां सुरू केला कीं जुनी विंडोज हजर! एवढ्या अवधींत छपाईयंत्र, वायफाय व आवाज चालतो कीं नाहीं हें पाहून घ्यावें. ज्या घरीं हिशेबाचें काम केवळ विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्यांना हा बदल मी सुचविणार नाहीं. पण अभ्यास, टंकलेखन व पत्रव्यवहार यांसाठींच यंत्र असेल, तर नव्यापायीं कर्ज काढणें मला पटत नाहीं. केरळांतील सरकारी शाळांनीं मुक्त प्रणालीवर मुलांना कित्येक वर्षें शिकविलें आहे. तीं मुलें कोठें मागें पडलीं?

ज्यांच्या माळ्यावर असें यंत्र पडून असेल, त्यांनीं तें भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां शनिवारीं शाळेंत आणावें. पेनड्राइव्ह मात्र रिकामाच आणावा.