एकाच नदीची दोन टोकं

दोस्तांनो, पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेला, सह्याद्रीच्या अगदी धारेवर, आंबेगाव तालुक्यात आहुपे नावाचं गाव सापडतंय का बघा. नाही सापडलं तरी खट्टू होऊ नका, बऱ्याच नकाशांत ते नसतंच! भीमाशंकरच्या थोडं उत्तरेला बोट ठेवा. पलीकडे सरळ तुटलेला कडा, खाली मुरबाडचा मुलूख, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड. गावात वस्ती महादेव कोळी या आदिवासी समाजाची. गावाला लागून दाट देवराई. राईतलं झाड देवाचं, त्यावर कुऱ्हाड चालवायची नाही, असा जुना नेम.

या आहुप्याच्या परिसरातच घोड नदी उगम पावते. आज आपण तिच्याबरोबर खाली उतरणार आहोत, कारण श्रीमंती आणि गरिबी यांच्यातलं अंतर म्हणजे काय, हे या नदीइतकं सोपं करून कुणी सांगणार नाही.

पावसाळ्यात आहुप्याला पाऊस नुसता कोसळतो. पण डोंगरउतारावरून तो थांबतो कुठे? उन्हाळा आला की ज्यांच्या डोक्यावर एवढा पाऊस पडला, त्यांनाच हंडाभर पाण्यासाठी वणवण. शेती म्हणजे उतारावरची भाताची खाचरं आणि नाचणी-वरईचे तुकडे. वर्षाचं एकच पीक.

पाणी अडतं ते खाली, डिंभे धरणात. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. (बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांचा प्राण गेला.) धरणात साडेतेरा टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. आणि बुडालं काय? ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगावच बुडालं! नदीकाठची चांगली, सपाट जमीन पाण्याखाली गेली.

उजवा कालवा आंबेगाव आणि शिरूरच्या शेतांना पाणी देतो. डाव्या कालव्याचं पाणी येडगावच्या धरणात जातं आणि तिथून कुकडीच्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. हे सगळे कमी पावसाचे तालुके. तिथल्या शेतकऱ्याला पाणी मिळालं, हे चांगलंच झालं. मंचरच्या बाजूला ऊस, कांदा, बटाटा पिकू लागला, साखर कारखाना उभा राहिला. मात्र जलाशयाच्या काठावर, पण उंचावर राहणाऱ्या माणसाला तेच पाणी वर चढवायला पंप हवा, पंपाला वीज हवी, आणि दोन्हींना पैसा हवा.

आता गंमत बघा. गंमत कसली म्हणा! कालव्याखालच्या घराला वर्षात दोन-तीन पिकं मिळतात. बागायती जमीन म्हणून बँक सहज कर्ज देते. मुलगी पुण्याला कॉलेजात जाते, नोकरीला लागते, घरात आणखी पैसा येतो. वरच्या घरातला भात पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. मग घरातली मोठी माणसं खालच्या शेतांवर मजुरीला उतरतात, कांदा काढायला, बटाटा वेचायला. दोन्ही घरं सारखीच राबतात. पण एकाचं वर्ष शिलकीतून सुरू होतं आणि दुसऱ्याचं उधारीतून. अंतर वाढतं ते असं.

पूर्वी ही उधारी ‘दीडी’ने मिळायची. म्हणजे दहा पायली धान्य घेतलं तर सुगीला पंधरा द्यायचे. नाही जमलं, तर पंधराचे पुढच्या वर्षी साडेबावीस. तिसऱ्या वर्षाचं गणित तुम्हीच करा. कर्जरोख्यावर अंगठा कुणाचा? ज्याला वाचता येत नाही त्याचा. वही कुणाची? ज्याला लिहिता येतं त्याची. इंग्रजांच्या कोर्टात दोघं ‘समान’ होते. पण कोर्ट कागद बघे, आणि कागद सावकाराकडे असे. शेवटी जमीन जाई.

याचा भडका कसा उडाला ऐका. आंबेगाव तालुक्यातल्याच जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले. १८७३ च्या सुमारास त्याने माणसं जमवून सावकारांवर छापे घालायला सुरुवात केली. किती सावकारांची नाकंच कापली! नाक कापणं हा काही न्याय नव्हे. पण न्यायाचं दार बंद झालं की माणसं कुठवर जातात, ते यातून दिसतं. सावकार गावं सोडून पळू लागले. सरकारने होनाजीला पकडून देणाऱ्याला १००० रुपयांचं बक्षीस लावलं. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्याच सुमारास, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. ते लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेलं. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टाने नुसता रोखा न बघता खरा हिशेब तपासावा, असं त्यात होतं. हेच आधी केलं असतं तर?

“पण आता तर लोकशाही आहे!” असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच. खरं आहे. आहुप्याच्या आजीचं एक मत आणि कारखानदाराचंही एकच. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं, की राजकारणात आपण समान होऊ, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता राहील. हा विरोध लवकर मिटवला नाही, तर विषमता सोसणारेच लोकशाहीची इमारत उडवून देतील.

तो विरोध मिटला का? शंभर मुलांच्या वर्गात शंभर लाडू आणले आहेत असं समजा. २०२२-२३ साली भारतातल्या संपत्तीची वाटणी कशी होती, याचा अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये जो अंदाज काढला, त्याप्रमाणे एकट्या पहिल्या मुलाच्या डब्यात चाळीस लाडू जातील. आणि मागच्या बाकांवरच्या पन्नास मुलांना मिळून? सहा-साडेसहा! आता याच वर्गात मॉनिटरची निवडणूक घ्या आणि उभं राहायचं तर आधी लाडू वाटावे लागतात असं ठरवा. विधानसभेच्या उमेदवाराला प्रचारावर ४० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे. एवढी रक्कम मजुरीला जाणाऱ्या घरातून कोण उभी करणार? २०२४ साली लोकसभेवर निवडून आलेल्या ५४३ जणांपैकी ५०४ कोट्यधीश होते, हे त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांवरून निघालं. श्रीमंत माणूस वाईटच असतो असं नाही हं! पण उन्हाळ्यात झऱ्यावर रांगेत उभं राहिलेलं माणूस सभागृहात नसलं, तर झऱ्याची आठवण कोण काढणार?

वरची माणसं काही हात बांधून बसलेली नाहीत. भाताची खाचरं बांधायला पैसे नसतात, म्हणून ‘पडकई’ची रीत आहे: आज सगळे मिळून माझ्या उतारावर बांध घालायचे, उद्या तुझ्या. हिरड्याचंच घ्या. या डोंगरांतलं हे नगदी उत्पन्न. औषधात आणि कातडी कमावण्यात लागतं. उन्हात झाडावर चढून बाळहिरडा काढायचा, वाळवायचा, आणि भाव मात्र व्यापारी सांगेल तो. म्हणून १९७६ च्या कायद्याने आदिवासींचा माल आदिवासी विकास महामंडळाने घ्यायचा, अशी सोय झाली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा वनोपजावर गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. पण भाव मिळवायला आजही झगडावं लागतं. जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा भरपाईसाठीही लढावंच लागलं.

आणि डिंभ्याच्या जलाशयातले मासे? तलावातली मासेमारी ठेक्याने द्यायची पद्धत असते. ठेका घ्यायचा तर आधी गाठीला पैसे हवेत. इथल्या विस्थापित आदिवासींनी एकत्र येऊन स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था काढली. ज्यांच्या आजोबांचं भाताचं खाचर तळाशी आहे, ती माणसं आता त्याच्यावरच्या पाण्यात जाळं टाकतात.