मुक्या पडद्यावरील नायिका

बोलपटांची गोष्ट निघाली कीं नगरकर मंडळी शाहू मोडकांचें नांव अभिमानानें घेतात, आणि तें योग्यच आहे. ज्या अहमदनगरांत (आतांच्या अहिल्यानगरांत) रेव्हरंड टिळकांनीं ख्रिस्तभजनांस मराठी वळण दिलें, तेथेंच एका ख्रिस्ती कुटुंबांत १९१८ सालीं मोडकांचा जन्म झाला. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटांत तेच चौदा वर्षांचें पोर कृष्ण होऊन गाऊं लागलें. शांता आपटेही त्याच चित्रपटांतून पुढें आल्या. गळा होता म्हणून दार उघडलें. परंतु हीं मुलें आंत येत असतां त्या दारानें बाहेर कोण गेलें, हें आपल्या घरांत सहसा कोणी विचारीत नाहीं.

फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हां तारामतीची भूमिका साळुंके नांवाच्या पुरुषानें केली. त्याच वर्षीं दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ‘मोहिनी भस्मासुर’मध्यें उतरल्या, पण तो अपवाद. आपण पांढरपेशांनीं लेकीसुनांस या धंद्याच्या वाऱ्यासही उभें राहूं दिलें नाहीं. मग पडद्यावरच्या राण्या आणि राजकन्या आणावयाच्या कोठून? त्यांतल्या कितीएक अँग्लोइंडियन व यहुदी घरांतून आल्या. रेने स्मिथ ‘सीतादेवी’ झाल्या. पुण्यास जन्मलेल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या. (मराठी चित्रपटांतील सुलोचनादीदी त्या निराळ्या.) संवाद पाटीवर लिहून येत, त्यामुळें नायिकेची घरची भाषा कोणती याची चौकशी करण्याचें कोणास कारणच नव्हतें.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें ‘आलमआरा’ लागला. तो काढला इंपीरियल कंपनीनें, आणि सुलोचनाबाई त्याच कंपनीच्या सर्वांत नांवाजलेल्या नटी. तरी नायिका झाल्या त्या झुबेदा. नायक मास्टर विठ्ठल यांचेंही उर्दू कच्चेंच होतें. म्हणून त्यांच्या भूमिकेंत मूर्च्छेचे प्रसंग फार घातले, असें सांगतात. पुरुषाच्या जिभेची उणीव कथानकानें झांकून घेतली! बाईची उणीव मात्र बाईनेंच भरून काढावयाची होती.

आणि तें काम सोपें नव्हतें. मूकपटाच्या वेळीं चित्रण चालू असतां दिग्दर्शक खुशाल ओरडून सूचना देई. आतां पान हललें तरी चालेना. जवळून आगगाडी जाई म्हणून ‘आलमआरा’चें पुष्कळसें काम रात्रीं उरकावें लागलें. ध्वनिग्राहक कोठें तरी दडवून ठेवलेला. त्याच्या टप्प्याबाहेर पाऊल टाकण्याची सोय नाहीं. आणि गाणें नटीनेंच, तेथेंच, अभिनय करतां करतां म्हणावयाचें. उसन्या गळ्याची युक्ति १९३५ पर्यंत आलेलीच नव्हती.

पडद्यावर येण्यापूर्वीं सुलोचनाबाई टेलिफोनच्या कचेरींत नोकरीस होत्या, म्हणजे त्यांची पहिली भाकरी आवाजाचीच. त्याच बाईंस बोलतां येईना म्हणून सुमारें वर्षभर काम सोडून हिंदुस्थानी शिकावी लागली. त्या शिकल्याही. १९३२ सालीं ‘माधुरी’ हा आपलाच मूकपट त्यांनीं बोलपट करून दाखविला. ‘इंदिरा बी. ए.’ (१९२९) ही बोलूं लागल्यावर ‘इंदिरा एम्. ए.’ (१९३४) झाली. पदवी वाढली ती त्या वर्षभराच्या अभ्यासामुळेंच, असें आम्हांस गंमतीनें वाटतें. पण हीं सारीं जुन्याच यशाचीं पारायणें होतीं. नव्या भूमिका नव्या गळ्यांकडे जाऊं लागल्या.

इकडे १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. एकोणीस वर्षांपूर्वीं जी भूमिका करावयास बाई मिळाली नव्हती, तीच ही. शिकलेल्या, चांगल्या घरच्या बाईची शुद्ध वाणी ऐकून आपल्याकडील मंडळी संतुष्ट झाली. तो संतोष खरा होता. मात्र आपण दार लावून बसलों असतां ज्या परक्या घरच्या मुलींनीं तें आसन सांभाळलें, त्यांच्या उच्चारांस हंसण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला, हें आम्हांला उमगत नाहीं.

सुलोचनाबाईंनीं ‘अनारकली’ १९२८ सालीं मुक्यानें केली, १९३५ सालीं बोलून केली. १९५३ सालीं ती कथा पुन्हां पडद्यावर आली, तेव्हां अनारकली होत्या बीना राय. आणि सलीमची आई जोधाबाई झाल्या होत्या सुलोचना.