सांगोला : मतदारसंघाची सीमा आणि पाण्याची सीमा

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम-नैर्ऋत्य भागातील सांगोला विधानसभा मतदारसंघाची ओळख महाराष्ट्राला प्रामुख्याने गणपतराव देशमुख यांच्यामुळे आहे. एकाच मतदारसंघातून 11 वेळा निवडून आलेला आमदार असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो आणि तो यथार्थही आहे. परंतु त्या अकरा विजयांचे स्पष्टीकरण केवळ व्यक्तीच्या साधेपणात किंवा जातीच्या गणितात शोधले, तर या प्रदेशाच्या राजकारणाचा मूळ प्रश्न नजरेआड होतो. तो प्रश्न पाण्याचा आहे, आणि त्याची व्याप्ती मतदारसंघाच्या सीमेत कधीच मावलेली नाही.

सह्याद्रीने अडविलेल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस घाटमाथ्यावरच पडून जातो आणि पूर्वेकडील पठारावर त्याचा अल्प अंश पोहोचतो. या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सांगोला या प्रदेशाच्या ऐन मध्यावर आहे. पश्चिमेला आटपाडी, दक्षिणेला जत आणि कवठेमहांकाळ, पूर्वेला मंगळवेढा, उत्तरेला पंढरपूर आणि माळशिरस असे त्याचे शेजारी असून त्यांपैकी बहुतेकांचे दुःख सारखेच आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात उगम पावणारी माणगंगा आटपाडीतून सांगोल्यात येते, पुढे मंगळवेढ्याकडे जाऊन भीमेला मिळते आणि वर्षाचा मोठा काळ कोरडी राहते. उत्तरेकडील काही गावांपर्यंत नीरा उजव्या कालव्याचे शेपटाचे पाणी येते. उरलेल्या माळरानाने ज्वारी, बाजरी, मेंढपाळी आणि खिलार जनावरे यांच्यावर पिढ्या काढल्या.

अशा भूमीत 1962 साली, महाराष्ट्र राज्याच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) तरुण वकील गणपतराव देशमुख निवडून आले. 1967 मध्ये ते पुन्हा विजयी झाले, 1972 मध्ये पराभूत झाले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत, म्हणजे मुदतीआधी रिक्त झालेल्या जागेसाठी घेतलेल्या निवडणुकीत, परतले. तेथून 1990 पर्यंतची प्रत्येक निवडणूक त्यांनी जिंकली. 1995 मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना दोनशेहून कमी मतांनी हरविले, आणि 1999 ते 2014 या काळातील चारही निवडणुका पुन्हा देशमुखांनी जिंकल्या. राज्यभर शेकापचा विस्तार आटत गेला, रायगडसारखे मोजके बालेकिल्ले उरले, तरी सांगोला टिकला, ही बाब सखोल अभ्यासाला पात्र आहे. ज्या पक्षाकडे राज्याची सत्ता येण्याची शक्यता नव्हती, त्याला मतदार अर्धशतक मत देत राहिले, याचे एक महत्त्वाचे कारण असे की त्या मताच्या बदल्यात त्यांना संस्था मिळाल्या होत्या: सहकारी सूतगिरणी, शिक्षणसंस्था आणि दुष्काळी कामांवर लक्ष ठेवणारी एक जागती यंत्रणा. देशमुखांनी 1999 च्या मंत्रिमंडळात रोजगार हमी खाते सांभाळले, हेही या प्रदेशाच्या गरजेशी सुसंगतच होते. 1990 पासून रोजगार हमीशी निगडित झालेल्या फळबाग योजनेने आणि ठिबक सिंचनाने येथील माळावर डाळिंब उभे केले. डिसेंबर 2020 मध्ये देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला निघाली, तोपर्यंत हा तालुका फळबाजारात नावारूपाला आला होता. तेल्या आणि मर या रोगांनी पुढे अनेक बागा उद्ध्वस्त केल्या, हा त्याच कथेचा वेदनादायक भाग आहे.

तथापि फळबाग विहिरीच्या पाण्यावर किती काळ जगणार, हा प्रश्न एका आमदाराच्या आवाक्याबाहेरचा होता. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी पठारावर आणणे, ज्याला उपसा सिंचन म्हणतात, हाच उपाय दिसत होता आणि तो सातारा, सांगली, सोलापूर या तीन जिल्ह्यांना एकत्र आल्याशिवाय साधणारा नव्हता. म्हणूनच 1993 मध्ये आटपाडीत 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली आणि नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांनी समन्यायी पाणीवाटपाची, म्हणजे जमीनधारणेच्या आकाराऐवजी कुटुंबाच्या गरजेवर आधारलेल्या वाटपाची, मागणी लावून धरली. कराडजवळून पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेचे लाभक्षेत्र सांगोल्यापर्यंत पोहोचते, यामागे या चळवळीचा रेटा आहे. विधानसभेतील अकरा विजयांपेक्षा सीमा ओलांडून उभे केलेले हे काम देशमुखांचे मोठे कर्तृत्व मानले पाहिजे.

वयोमानामुळे त्यांनी 2019 ची निवडणूक लढविली नाही आणि सांगोला अवघ्या 768 मतांनी हातचा गेला. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांनी देशमुखांचे नातू अनिकेत यांचा पराभव केला. 30 जुलै 2021 रोजी गणपतराव निवर्तले. 2024 मध्ये त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी तिरंगी लढतीत सुमारे 25 हजार मतांनी ही जागा शेकापकडे परत आणली.

या इतिहासावर पुनर्रचनेची, म्हणजे लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याची, छाया पडलेली आहे. 2008 च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातील भाळवणी मंडळ सांगोल्याला जोडले गेले आणि सांगोला माढा लोकसभा मतदारसंघात आला. त्यामुळे आज माणगंगेचा उगम माढा लोकसभेत, आटपाडीचे पात्र सांगलीत, सांगोल्याचे पात्र पुन्हा माढ्यात आणि मंगळवेढ्याचे सोलापूर लोकसभेत अशी एकाच नदीची फाळणी झालेली आहे. वरच्या अंगाला किती पाणी अडवावे आणि खालच्या अंगाला किती सोडावे, यावर भांडणारे लोक वेगवेगळ्या खासदारांना जाब विचारतात आणि प्रत्येक खासदाराला उत्तरातून निसटण्याची वाट मोकळी राहते. 2002 च्या परिसीमन कायद्यात सीमा आखताना प्रदेशाची भौतिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि जनतेची सोय विचारात घेण्यास सांगितले आहे. नदीचे खोरे ही भौतिक रचनाच आहे. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे जेव्हा पुढील पुनर्रचना होईल, तेव्हा आयोगापुढे मांडण्यासाठी माणगंगेच्या काठच्या चारही तालुक्यांनी एक संयुक्त निवेदन आतापासूनच तयार ठेवले पाहिजे.