चकाकीचे मुद्दल

पावसाळा ओसरून ताम्हिणीकडे धावणाऱ्या मोटारींची रीघ विरळ झाली, की भूगावपासून पिरंगुटपर्यंतच्या हमरस्त्यावर आणि तिकडे हिंजवडी-माणच्या बाजूसही वॉशिंग सेंटरांच्या दारांत बफिंगच्या सवलतींचे फलक लागू लागतात; आणि चार महिने घाटातला चिखल अंगावर वागवलेली मोटार संध्याकाळपर्यंत आरशासारखी करून देण्याचे जे अभिवचन त्या फलकांवर असते ते बहुधा खोटेही नसते, कारण संध्याकाळपर्यंत मोटार खरोखरच तशी होते. माझी तक्रार त्या चकाकीविषयी नाही. ती कोणत्या खात्यातून खर्ची पडली याची वार्ता गिऱ्हाइकाला कोणी देत नाही, याविषयी आहे.

पत्र्यावर प्रथम प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांच्या वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपले पेंटर सरसकट लॅकर म्हणतात, अशी आजच्या बहुतेक मोटारींच्या लेपाची रचना असते. हा वरचा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असून, अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करण्याची भिस्त मुख्यतः त्याच्यावरच असते. उन्हात उभ्या मोटारीवर ज्या बारीक गोलाकार रेघा दिसतात त्या याच थरात असतात, आणि बफिंगने त्या भरून निघतात ही समजूत कितीही लोकप्रिय असली तरी वस्तुतः रेघेच्या तळाशी सपाटी येईपर्यंत भोवतालचा थर घासून खाली आणला जातो. कारखान्यातून मिळालेल्या या मुद्दलात पुढे मेण, टेफ्लॉन वा सिरॅमिक यांपैकी कशानेही दमडीची भर पडत नाही. दर दिवाळीला ज्याने मोटार कडक कटिंगला दिली, त्याच्या बॉनेटवर आणि टपावर काही वर्षांनी पांढुरके पापुद्रे सुटू लागले, तर कंपनीविरुद्ध फिर्याद करण्यापूर्वी त्याने आपला जमाखर्च एकदा तपासावा.

गिऱ्हाइकाने चौकशी केलीच तर ती बाटलीची असते: कंपाउंड थ्री एमचे आहे ना, परदेशी आहे ना? पॅडविषयी कोणी विचारीत नाही. आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल तेथेच लागतो. एकच कंपाउंड लोकरी पॅडवर एक काम करते आणि मऊ फोमवर अगदी निराळे. लोकरीचा तंतू न् तंतू स्वतः कापतो, म्हणून २००० नंबरच्या वॉटर पेपरच्या खुणा काढण्यास लोकर उत्तम. परंतु ती मागे धूसरपणा ठेवते आणि त्यासाठी फोमचा दुसरा हात घ्यावाच लागतो, जो सवलतीच्या भावात बहुधा वगळला जातो. त्यातही फोमच्या रंगावर विसंबू नये, कारण एका कंपनीचा पिवळा पॅड कडक तर दुसरीचा मध्यम असू शकतो. तो बोटांनी दाबून पाहणे हेच खरे. कंपाउंडाची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. काही कंपाउंडांतील कण घासता घासता फुटून बारीक होत जातात आणि त्यांना तेवढा अवधी द्यावा लागतो; भर दुपारी तापलेल्या बॉनेटवर ते ओतले की अर्ध्यातच सुकते, आणि कारागीर मात्र बाटलीला दोष देऊन अधिक कडक बाटली उघडतो.

शिवाय सर्व क्लिअर कोट सारखे नसतात. मर्सिडीजने २००३ साली सूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला कठीण लॅकर आणला. तशा थरावर जे मिश्रण जेमतेम चालेल ते एखाद्या मऊ लॅकरवर नव्या रेघा पाडील. (काळी मोटार घेणाऱ्याने तर ही हौस स्वतःच्या जबाबदारीवर करावी, पांढऱ्या रंगावर जे खपून जाते ते काळ्यावर रस्त्यापलीकडूनही दिसते.) म्हणून कोणत्याही शिफारशीपेक्षा, बॉनेटच्या वीतभर चौकटीत प्रथम सर्वांत सौम्य जोडी चालवून पाहावी आणि ती अपुरी पडली तरच एक पायरी वर चढावे, हा जुन्या कारागिरांचा शिरस्ता मला अधिक प्रमाण वाटतो. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर त्याच्या नादी न लागता तो तसाच राहू द्यावा.

पत्र्यावरील लेपाची जाडी मोजणारे खिशात मावेल एवढे यंत्र मिळते. ज्या दुकानात ते नसेल, किंवा असूनही कपाटात राहत असेल, तेथे रोटरी मशीन आणि लोकरी पॅड यांना हात लावण्याची मुभा असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बफिंगपूर्वीची व नंतरची जाडी, वापरलेला पॅड आणि कंपाउंड यांची नोंद बिलावर करून द्यावयास दहा ओळीही लागत नाहीत. दुकानदाराची कैफियत मला ठाऊक आहे: गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी हवी, चकाकी हवी आणि भाव कमी हवा, मग मोजमापाला वेळ कोठला? ती कैफियत रास्त आहे, आणि दोषाचा मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या पदरी पडतो हेही कबूल केले पाहिजे. परंतु जाडी मोजणारे हे नेहमीचे यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, आणि बंपर उष्णता पत्र्यासारखी पसरू देत नसल्यामुळे तेथील रंग सर्वांत आधी जळतो. मोजता येत नाही तेथे निदान मशीनचा वेग आणि हाताचा दाब कमी करण्याइतके भान तरी विकत मिळाले पाहिजे.

ताबा घेताना एक परीक्षा मालकाला स्वतः करता येते. अनेक पॉलिशांतील तेले रेघांत बसून त्या तात्पुरत्या लपवतात व दोन-चार धुण्यांत ती निघून गेली की रेघा पुन्हा प्रकट होतात; तेव्हा पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक भाग पुसून, ट्यूबलाइटखाली नव्हे तर उन्हात, तिरप्या नजरेने पाहावे. आणि दुकानात शिरतानाच पॅड कोठे ठेवले आहेत तेही पाहावे. सुकलेल्या कंपाउंडाने दगडासारखा झालेला एकच पॅड सकाळपासून तिसऱ्या मोटारीवर फिरत असेल, तर बाटली कोणत्या देशाची आहे हे न विचारता गाडी परत रस्त्याला लावावी. पौडपर्यंत अशी दुकाने पुष्कळ आहेत.