तुटक रेषेवरची वाट

लखनौला येऊन मला एकतीस वर्षं झाली. त्यातल्या बहुतेक सकाळी गोमतीच्या काठाने चालण्यात गेल्या. सुरुवातीला कुडिया घाटाकडून निघायचं आणि लाल पुलाच्या दिशेने जमेल तितकं जायचं. पायाखाली गाळाची माती, मध्येच धोब्यांनी वाळत घातलेले कपडे, एखादी उलटी टाकलेली नाव. रात्रीत पाणी किती चढलं ते आधी चपलांना कळायचं. २०१५ च्या सुमाराला काठ सुधारायचं काम निघालं. शहरातल्या मोठ्या टप्प्यात दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती खोल उतरवल्या. वर फरशी, दिवे, हिरवळ. संध्याकाळी तिथे मुलं खेळतात, म्हातारी माणसं बसतात, आणि ते पाहून बरंही वाटतं. पण गोमती ही हिमालयातल्या बर्फाच्या पाण्याची नदी नाही. ती पीलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या एका तळ्यातून निघते आणि जमिनीतल्या पाझरांवर जगते. काठ आणि पात्र यांच्यामध्ये भिंत उभी केली की तो पाझर अडतो. चालणाऱ्यांची सोय झाली खरी, पण आता मी नदीकडे वरून बघते. तिच्यापर्यंत उतरता येत नाही.

हे सगळं आज मराठीत लिहायचं कारण माझं माहेर आहे. दापोली तालुक्यातलं आंजर्ले. जमेल तशी जाते, आणि दर वेळी कुणीतरी उत्साहाने सांगतं की आता इथेही पर्यटकांसाठी समुद्राकाठी चालायचा ट्रॅक व्हायला हवा. फरसबंद, कठडे लावलेला, रात्री दिवे असलेला. ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. आंजर्ल्याला चालायची वाट बांधायची गरजच काय? केळशीपासून दाभोळपर्यंतचा सगळा किनारा वाटांनी विणलेला आहे. त्या फक्त मोकळ्या राहायला हव्यात.

आमच्याकडे पाखाडी म्हणतात. जांभ्याच्या चिऱ्यांची उतरती वाट, दोन्ही बाजूंना गडगे, वर नारळी-पोफळींची सावली. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत, वाडीतून देवळात, देवळातून पुळणीवर. हर्णै-पाजेच्या कोळणी डोक्यावर पाटी घेऊन याच पाखाड्यांनी घरोघर यायच्या. खाडीवर पूल नव्हता तेव्हा हर्णैहून येणारा माणूस तरीतून उतरायचा आणि पुढे पायीच. पाखाडी जिथे संपते तिथे पुळण सुरू होते आणि पुळण संपली की खडपं, म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे खडक. आड्याहून, पाडल्याहून बायका संकष्टीला कड्यावरच्या गणपतीला या खडपांवरून चालत यायच्या. त्यांचं वेळापत्रक पंचांगात होतं. माझी आत्या अजून तसाच हिशेब करते. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी नवाला खडपं उघडी. सातला घर सोडलं की पाय न भिजवता देवळाखाली. पाऊणकीचा पाढा मी शाळेत जाण्याआधी शिकले तो असा, चालता चालता.

दक्षिणेकडचा पट्टाही तितकाच चालण्याजोगा आहे. हर्णैच्या बंदरात सुवर्णदुर्ग समोर ठेवून निघावं. सालदुरे, मुरूड, मग कर्दे. मुरूड ते कर्दे पुळण जवळजवळ सलग आहे. पुढे डोंगराचं नाक समुद्रात घुसतं, तिथे वर चढून लाडघरला उतरायचं. याच मुरूडचे धोंडो केशव कर्वे वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ऐन पावसाळ्यात साताऱ्यापर्यंत पायी गेले. शंभराहून जास्त मैल. तिथे पोचल्यावर, तुम्ही वयाने लहान दिसता म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. शाळेत आम्हाला ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जायची. मला मात्र त्या वाटांचं नवल वाटत आलं आहे. त्या काळी एवढ्या पावसात एक पोरगा चालत जाऊ शकला, कारण पऱ्ह्यावर साकव होता, घाटात वाट होती, आणि त्या वाटेवर 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी नव्हती.

तीन वर्षांपूर्वी गेले तेव्हा आमच्या वाडीतून पुळणीवर उतरणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी लोखंडी फाटक होतं. आत नव्या बांधकामाच्या खोल्या.

"आत्या, हे कधी लावलं गं?"

"झालं की दीडएक वर्ष. मी आता डांबरी रस्त्याने जात्ये."

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. पाच मिनिटांच्या उताराऐवजी अर्धा तास उन्हातून, तेही गाड्या चुकवत. तिने तक्रार केली नाही, गावाने केली नाही. कुणी केली असती तर ती नक्की कशाच्या आधारे, हेही कुणाला सांगता येईना. हे मला फाटकापेक्षा जास्त लागलं.

मी आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे उतरवले. म्हणून परत जायच्या आधी गावनकाशाची प्रत काढली. गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने. आमची पाखाडी तिथे होती. ती बारीक रेषा वाडीतून निघून थेट समुद्राला टेकलेली. ती बघून मला रडूच आलं. कुणा अनोळखी मोजणीदाराने उन्हात उभं राहून ती नोंदली होती. एवढा पुरावा कपाटात पडून आहे, आणि दीड वर्षात एकानेही तो उघडून पाहिलेला नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम २० सांगतं की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, आणि भरतीरेषेखालचा समुद्राचा व खाडीचा तळ हे सगळं शासनाचं. म्हणजे पुळण कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही. पण पुळणीवर पोचायचं कसं? शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये शासनाने योजनाही काढली. तिथे मागे उभा राहणारा शेतकरी असतो. त्याचं पीक अडकलेलं असतं. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेला असा धनी नाही. तिच्यावरून कोळीण गेली, देवदर्शनाला बायका गेल्या, पोरं पोहायला गेली. या सगळ्यांचं मिळून जे नुकसान झालं त्याची किंमत कुठल्याच अर्जात मांडता येत नाही. आणि किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव तर चढतेच आहेत. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग, खाड्यांवरचे नवे पूल यांनी ते आणखी चढतील. रस्त्याला माझा विरोध नाही. रात्री दवाखाना गाठायचा तर रस्ता लागतोच. पण ज्या गावात गाडी सहज पोचते तिथे पायवाट आधी मरते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आसूदला केशवराजाकडे जाणारी वाट शाबूत राहिली, कारण पोफळींच्या बागेतून उतरायचं, साकव ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. तिथे गाडीचं काही चालत नाही.

वेल्सने २०१२ साली आपल्या अख्ख्या किनाऱ्याला लागून सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट जोडून खुली केली. ते नव्याने बांधत बसले नाहीत. जुन्या वाटा शोधल्या, तुटलेले दुवे जोडले, जागोजागी खुणेचे खांब रोवले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची वाट तर मुळात चोरटा माल पकडणाऱ्या पहारेकऱ्यांच्या पायांनी पडलेली. कामासाठी पडलेल्या वाटा पुढे फिरणाऱ्यांच्या झाल्या. आमच्या पाखाड्याही कामाच्याच आहेत. आमची ७२० किलोमीटरची किनारपट्टी एका दमात जोडा असं मी म्हणत नाही. एका तालुक्यात केळशी ते दाभोळ एवढं झालं तरी पुष्कळ.

त्यासाठी काँक्रीट नको, कठडे नकोत, आणि दिवे तर मुळीच नकोत. आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवं अंडी घालतात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे या किनाऱ्यावर पसरलं. हंगामात गावातली माणसं रात्री-पहाटे पुळण चालून माग शोधतात. घरट्यातून निघालेलं पिल्लू समुद्रावरच्या उजेडाकडे जातं. मागे दिवे असले तर ते उलटं फिरतं आणि सकाळी कावळ्यांच्या तावडीत सापडतं. चालणाऱ्यांच्या सोयीसाठी म्हणून दिव्यांची रांग लावली तर तिची किंमत ही पिल्लं मोजतील.

हवं आहे ते थोडं आणि स्वस्तातलं. प्रत्येक किनारी गावाच्या ग्रामसभेत गावनकाशा भिंतीवर लावावा. ज्या बायका त्या वाटांनी चालल्या त्यांना पुढे बोलवावं, कारण वाटांची नावं त्यांनाच ठाऊक आहेत. नकाशावर असलेली आणि नसलेली प्रत्येक पाखाडी ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना २३ मध्ये, लांबी-रुंदीसह चढवावी. किनाऱ्यालगत बांधकामाची परवानगी देताना ती वही आधी उघडावी. फाटक आधीच लागलं असेल तिथे मालकाशी बसून बोलावं. हातभर रुंदीची वाट सोडल्याने कुणाचा धंदा बुडत नाही. उलट त्याच्याकडे उतरलेले पाहुणे याच वाटेने देवळात जातील, दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर कोकम सरबत पितील, चार पैसे वाडीतही राहतील.

आमच्या वाडीत सुरुवात झाली आहे. गावनकाशाची मोठी प्रत मी लखनौहून छापून पाठवली. भाच्याने ती पुठ्ठ्यावर चिकटवली. आत्याने बोट ठेवून आतापर्यंत अकरा पाखाड्या सांगितल्या. त्यातल्या चार नकाशावर नाहीत. तिला एका पाखाडीचं नाव आठवेना, म्हणून भाचा शेजारच्या आजींना विचारून आला. दिवाळीनंतर मी जाते आहे. कार्तिक वद्य चतुर्थीला पाडल्याच्या बाजूने खडपांवरून चालत गणपतीपर्यंत यायचं आणि वाटेत लागणारं प्रत्येक तोंड, उघडं असो की बंद, वहीत उतरवायचं. चार पाऊणे तीन, ओहोटी नवाला. सातला निघायचं ठरलं आहे.