थरथरत्या हातातला शिरखुर्मा

रमजान ईदच्या दिवशी साताऱ्यात आमच्या चाचांच्या घरी सगळे दस्तरखानाभोवती बसलो होतो. चाचा मात्र आतल्या खोलीत. वाटी तोंडाशी नेताना हात असा कापतो की निम्मा शिरखुर्मा कपड्यांवर सांडतो, म्हणून दोन वर्षांपासून ते चारचौघांत जेवत नाहीत. चाची भरवायला गेल्या, तर ते आणखीच मिटून गेले. ज्या हातांनी आयुष्यभर शेरवान्या शिवल्या, त्यांच्या मालकाला घास भरवून घेणे कसे सोसावे? मोहल्ल्यात कोणी नजर लागली म्हणाले, कोणी दबक्या आवाजात दारूचाही संशय घेतला. चाचांनी कधी तिला हातही लावलेला नाही.

त्यांचा हात स्वस्थ बसल्यावर शांत असतो, काम करायला गेले की कापतो. पार्किन्सन्समध्ये बहुधा उलटे घडते, हात मांडीवर ठेवला असतानाच थरथरतो. चाचांच्या कंपावर नेहमी दिली जाणारी गोळी दम्याच्या रोग्याला चालत नाही, आणि चाचांना दमा आहे. शिवाय दम्याच्या पंपानेही काहींचा हात जास्त कापतो. म्हणजे गोळीखेरीज काय करता येईल, हाच प्रश्न उरला.

उत्तर बरेचसे स्वयंपाकघरातच निघाले. खाली बसून जेवताना कोपराला आधार मिळत नाही, म्हणून टेबल आले. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवायची, पेला दोन्ही हातांनी धरायचा, तो अर्धाच भरायचा, चहाला झाकणाचा मग वापरायचा. चमचा जाड मुठीचा घेतला. जड चमच्याने काहींना फायदा होतो, काहींना नाही. विकत घेण्याआधी घरातलाच एखादा जड चमचा वापरून पाहावा. कडक चहा, जागरण, उपाशीपोटी धावपळ आणि घाई यांनी कंप वाढतो. वुजूला तांब्याऐवजी नळ आणि बसायला स्टूल. बकरी ईदला चाचा टेबलाशी आमच्यासोबत बसले. थोडे सांडले, ते त्यांनीच पुसले.

असा विचार पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीने आपल्या काकांसाठी केला होता. काकांना पार्किन्सन्स. तिने आत वळलेल्या काठाचा, हात कापला तरी न सांडणारा कप तयार केला. सपाट जमिनीवर काकांचे पाऊल अडायचे, पण जिना ते सहज उतरायचे, हे पाहून तिने जमिनीवर जिन्याचे चित्र अंथरले आणि त्यावरून ते चालू लागले. घरातल्या माणसाने नीट पाहिले की डॉक्टरला न दिसणारे दिसते, ते असे.

आता सांगलीची गोष्ट. हळदीच्या एका अडत्याकडे हिशेब लिहिणाऱ्या आमच्या ओळखीच्या माणसाची बोटे पेन धरताच पिळवटायची. त्याच हाताने तो मोटारसायकल चालवायचा, गाठी सोडवायचा. साहजिकच मालकाला हा कामचुकारपणा वाटला. ही डिस्टोनिया. मेंदूकडून स्नायूंना चुकीचा हुकूम जातो, आणि एकमेकांविरुद्ध काम करणारे स्नायू एकाच वेळी आवळतात. लेखक, शिंपी, सतारवादक अशा एकच बारीक काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांत ती त्या कामापुरतीच दिसू शकते. मिरजेच्या फिजिओथेरपिस्टने त्याला पेनाला रबर गुंडाळून ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायला, आणि भिंतीवरच्या फळ्यावर खांद्यापासून हात हलवून मोठी अक्षरे काढायला लावले. महिनोन्‌महिने. हात पूर्वीसारखा झाला नाही, पण नोकरी टिकली. मानेच्या डिस्टोनियात काहींनी हनुवटीला नुसते बोट लावले तरी वाकडी मान सरळ होते. हे ढोंग नव्हे, त्या आजाराचेच लक्षण आहे.

एका बाबतीत मात्र घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. तरुण मुला-मुलीचा हात कापू लागला, बोलणे जड झाले, मान-हात वाकू लागले, तर विल्सन्स आजाराची तपासणी आधी. यात शरीरात तांबे साठते. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावरच तो होतो, त्यामुळे चुलत-मावस भावंडांतल्या लग्नांत धोका वाढतो, आणि अशी लग्ने आपल्या घरांत आहेत. रक्त-लघवीच्या आणि डोळ्यांच्या तपासणीने तो कळतो. इथे औषध आयुष्यभर घ्यावेच लागते, आणि वेळेत सुरू केले तर मूल सावरू शकते. सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी.

कंप फार वाढला आणि औषध लागू पडेना, तर मेंदूत बारीक तारा बसवून गळ्याच्या हाडाखालच्या बॅटरीने त्यांना वीज देण्याची शस्त्रक्रिया आहे. फ्रान्सच्या ग्रेनोबलमध्ये 1987 मध्ये बेनाबीद यांनी ही वाट दाखवली. आज मुंबई-पुण्यातही ती होते. खर्च लाखांत जातो आणि प्रत्येकाला ती चालतेच असे नाही.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना मोबाईलवर हाताचा व्हिडिओ काढून न्या. एक पेला उचलताना, एक लिहिताना, एक मांडीवर हात ठेवून. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि पंपही पिशवीत घालून न्या, आणि त्यांतली कोणतीही आपल्या मनाने बंद करू नका.